बोट दाखवून

जगातली सगळ्यात निवांत आगगाडी जपानात धावते असं लोक समजतात; ती खरी धावते अमेरिकेत, क्युपर्टिनोत, आमच्या शेजारच्या काकांच्या फॅमिली रूममध्ये. संध्याकाळचा चहा झाला की काका मोठ्या टीव्हीवर तिचा व्हिडिओ लावतात. चंदेरी, हिरव्या पट्ट्याची, विजेवर चालणारी, टोकियोच्या नोकरदारांची रोजची गाडी. कॅमेरा ड्रायव्हरच्या काचेशी असल्यामुळे रूळ थेट सोफ्याखाली येतात. धक्का नाही, खडखडाट नाही. वाळत घातलेले कपडे, शाळेचं मैदान, एखादी नदी, सगळं सावकाश जवळ येतं आणि आपल्या दोन्ही बाजूंनी निघून जातं. मी कोथिंबीर मागायला म्हणून गेलोय आणि चार स्टेशनं बसून राहिलोय, असं कितीदा तरी झालंय.

त्या गाडीचा ड्रायव्हर पांढरे हातमोजे घालतो आणि प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून तो काय आहे ते मोठ्याने बोलतो, म्हणजे चूक होत नाही. काकांनी हे उचललं, हातमोज्यांसकट. घरातून निघताना "गॅस बंद! गराज बंद! चष्मा नाकावर!" स्टॉप साइनला कार थांबवून डावीकडे बोट, उजवीकडे बोट, "रिकामं! रिकामं!" मागचा हॉर्न वाजवून थकतो, शेजारी बसलेली लेक सीटमध्ये खाली सरकते. "बाबा, प्लीज! पीपल आर स्टेअरिंग!"

"बघू देत. शिकतील."

मंडळाच्या गणपतीत तर त्यांनी आमटीच्या पातेल्याकडे बोट दाखवून नुसतंच "मीठ!" असं पुकारलं. घातलं की घालायचंय, ते सांगायचं राहिलं. स्वयंपाकातल्या सगळ्या काकूंनी हुकूम समजून आळीपाळीने घातलं. त्या वर्षी श्रीखंड लवकर संपलं.

मग काकांच्या घरी काकूंचं विसरणं सुरू झालं. दोघांनी मिळून त्या गाडीत बसायचं ठरलं होतं, ती जपानची तिकिटं कॅन्सल केली. आता काका त्यांना सोफ्यावर शेजारी बसवून गाडी सुरू करतात. "आपलं स्टेशन आलं का हो?" काकू मधूनच विचारतात. "अजून आहे. बस तू निवांत." घरातही काकांनी त्यांना बोट दाखवून बोलायला लावलंय. हा नळ. ही खोली. ही लेक. काकूंचं बहुतेक बरोबर येतं. तरी एकदा कुंपणापाशी काका हळूच म्हणाले, "अरे, माझं नाव तिला आठवतं का, ते कळायला मार्गच नाही. जन्मात कधी घेतलं नाही तिने. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आता विसरली म्हणून घेत नाही की रीत म्हणून, कसं ओळखायचं?" मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं.

परवा गेलो तेव्हा गाडी बोगद्यात शिरली. पडदा काळा झाला आणि त्यात सोफ्यावरचे आम्ही तिघं दिसू लागलो. काकूंनी बोट उचललं. "ही मी." मग माझ्यावर, "हा शेजारचा." मग ते काकांवर आलं आणि तिथेच थांबलं. काका हातमोजे घातलेले हात मांडीवर ठेवून अगदी ताठ बसले होते.

"आणि हे," काकू म्हणाल्या. "हे... आमचे हे." आणि नव्या नवरीसारख्या लाजून त्यांनी मान खाली घातली.

"बरोबर," काका म्हणाले, नेहमीपेक्षा पुष्कळ हळू, आणि हातमोज्याने डोळे पुसले.

गाडी उजेडात आली.

"आपलं स्टेशन गेलं का हो?"

"नाही गं. लांब आहे अजून."