डाव्या दंडातली लस

स्वाइन फ्लूच्या साथीत मी तळेघरला नर्स होते. मास्क लावून घरोघरी तापाचे पेशंट शोधत पायी हिंडायचे. ज्या घरात पूर्वी चुलीपाशी बसवून चहा द्यायचे, तिथली म्हातारी आता कप ओट्यावर ठेवून आत जायची. "बाई, तुमी लई आजाऱ्यांत फिरता," म्हणायची. राग यायचा, पण तिचं खोटं नव्हतं.

पुढं आम्हा कर्मचाऱ्यांसाठी लस आली. त्या दिवशी दवाखान्यात मी एकटीच होते. वाट तरी कुणाची बघायची? डाव्या दंडात माझी मीच टोचून घेतली. कापूस दाबला आणि लहान पोरांना म्हणायची सवय, तसं तोंडातून निघून गेलं, "झालं बाळा, झालं. ही बघ आई, इथंच आहे."