भामाबाईंचा उजवा डोळा

भाजे गावच्या भामाबाई कामशेतला राजमहंमद यांच्या तांदळाच्या दुकानात बावीस वर्षं तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या शेजारी बसायला नव्या बाया कचरायच्या. आपलं सूप हलवता हलवता भामाबाई सहज शेजारणीच्या सुपात बोट घालत आणि तिच्या नजरेतून सुटलेला खडा उचलून तिच्या तळहातावर ठेवत. बोलत काही नसत. नवरा, धोंडिबा, जाऊन दहा वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा चाकणच्या कारखान्यात होता, तो पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. घरी त्या आणि सून स्नेहल. सोमवार ते शुक्रवार मळवलीहून लोकलनं कामशेत, आणि शनिवार-रविवार गावाबाहेरच्या एका बंगल्यावर मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी पिठलं-भाकरी, असा त्यांचा आठवडा होता.

पंचावन्नाव्या वर्षी खडे सुटू लागले. आधी त्यांना वाटलं, तांदूळच हल्ली स्वच्छ येतो. मग एका गिऱ्हाइकानं दुकानात येऊन दात दुखावल्याची तक्रार केली, तेव्हा राजमहंमद त्यांना स्वतःच्या स्कूटरवरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. जानेवारी २०२२ मध्ये एका धर्मादाय रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर भामाबाईंनी पहिल्यांदा आपल्या हाताकडे पाहिलं आणि स्नेहलला म्हणाल्या, "माज्या हातावर एवढ्या सुरकुत्या कवा आल्या गं?" त्यांना काळा चष्मा मिळाला, औषधाची एक छोटी बाटली मिळाली. दर दोन तासांनी थेंब घालायचे, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, आणि डोळा दुखला किंवा लाल झाला तर त्याच दिवशी यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं.

नवव्या दिवशी, शनिवारी, बंगल्यावरून फोन आला. पाहुणे बरेच होते, दुसरी बाई आली नव्हती. स्नेहल नको म्हणत होती. फक्त पीठ मळून देते, असं म्हणून भामाबाई गेल्या. दुपारी पाहुण्यांपैकी एका बाईची सोन्याची साखळी सापडेना. बंगल्यात बाहेरची माणसं दोनच, राखणदार आणि भामाबाई. घरातसुद्धा काळा चष्मा घालून वावरणाऱ्या बाईवर संशय जायला वेळ लागला नाही. पोलीस आले आणि संध्याकाळच्या आत भामाबाईंना अटक झाली.

ठाण्यात त्यांची झडती घेतली ती प्रतीक्षा नावाच्या महिला शिपायानं. नोकरीला लागून तिला आठ महिने झाले होते. तिनं पिशवीतल्या वस्तू एकेक करून टेबलावर मांडल्या आणि यादी लिहिली. रेल्वेचा पास, मिश्रीची डबी, काळा चष्मा, डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली, निम्मी भरलेली.

"बाई, त्यातलं औषध दर दोन तासांनी घालायचं हाय," भामाबाई म्हणाल्या. "नव दिस झाल्यात आपरेशनला."

"साहेबांना विचारते," प्रतीक्षा म्हणाली.

तिनं टेबलावरच्या अंमलदाराला विचारलं. तो म्हणाला की कोठडीत कसलीही बाटली जायची नाही, उद्या काही खाल्लं-प्यायलं तर कोण निस्तरणार? प्रतीक्षानं बाटली लाखबंद पाकिटात टाकली. तासाभरानं तिची ड्यूटी संपली. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी, त्यानंतर दोन दिवस बाहेरगावी बंदोबस्त. भामाबाई मात्र त्या संध्याकाळी कोठडीच्या गजाशी बसून तिची वाट पाहत राहिल्या. बाईमाणूस आहे, विचारते म्हणाली आहे, म्हणजे येईल, असं त्यांना वाटत होतं. नंतर त्यांनी अंमलदाराला दोनदा हाक मारली. वैद्यकीय तपासणीला नेण्यासाठी गाडी मोकळी नाही, उद्या बघू, एवढंच उत्तर आलं.

रविवारी कोर्टात नेताना गाडीत बरोबरच्या पोलिसानं त्यांना समजावलं. तक्रार आहे का असं विचारतील, नाही म्हणायचं; हो म्हटलं की आणखी कागद होतात, मुक्काम वाढतो. भामाबाई आयुष्यात पहिल्यांदा कोर्ट बघत होत्या. न्यायाधीशांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?"

"न्हाई, सायेब," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांची कोठडी मिळाली. त्याच संध्याकाळी डोळा ठणकू लागला. कोठडीतल्या पिंपातलं पाणी घेऊन त्यांनी तोंड धुतलं, तेव्हा डोळ्यालाही पाणी लागलं. सोमवारी पापणी उघडेना. त्यांनी पुन्हा अंमलदाराला डोळा दाखवला. तो म्हणाला की उद्या तर कोर्टातच जायचं आहे, तिथून जामीन झाला की दाखवा कुठं दाखवायचं ते.

साखळी सोमवारीच सापडली होती. पाहुण्यांच्या गाडीत, मागच्या सीटखाली. त्यांनी ठाण्याला तसं फोनवर कळवलंही होतं. मंगळवारी भामाबाई सुटल्या. पाकीट फोडून त्यांच्या वस्तू परत दिल्या आणि पोचपावतीवर अंगठा घेतला. त्या पोचपावतीतही लिहिलं होतं, औषधाची बाटली एक, निम्मी भरलेली.

स्नेहल आणि राजमहंमद त्यांना तिथूनच रुग्णालयात घेऊन गेले. तिथून पुण्याला. डोळ्याच्या आत पू झाला होता. इंजेक्शनं झाली, पुन्हा शस्त्रक्रिया झाली, वीस दिवस त्या खाटेवर होत्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की या डोळ्याला आता दिसणार नाही. स्नेहलनं विचारलं, थेंब चुकल्यामुळेच झालं का? डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले, थेंब घालूनही क्वचित असं होतं, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण दुखायला लागलं त्या दिवशी आणलं असतं तर डोळा वाचायची बरीच शक्यता होती. तेवढं त्यांनी लिहूनही दिलं.

घरी आल्यावर भामाबाई दोन महिने दाराबाहेर पडल्या नाहीत. गावात कुणी त्यांना चोर म्हणत नव्हतं, पण साखळी सापडल्याचं सांगायलाही गावात कुणी आलं नव्हतं. सगळ्यात जास्त त्यांना स्वतःचं ते "न्हाई" खात होतं. न्यायाधीशांनी विचारलं होतं, चांगल्या आवाजात विचारलं होतं, आणि आपण नाही म्हणालो. स्नेहल किती वेळा सांगायची की तुमची चूक नाही. त्या ऐकून घ्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

नुकसानभरपाईचा विषय काढला तो राजमहंमद यांनी. वडगावच्या माधवी नावाच्या वकील बाई त्यांच्या गिऱ्हाईक होत्या. कोठडीत घेतलेल्या माणसाच्या जिवाची आणि औषधपाण्याची जबाबदारी सरकारची असते, मग तो माणूस गुन्हेगार असो वा नसो, असं त्यांनी सांगितलं. भामाबाईंना ते पटेना. पोलिसांनी आपल्याला मारलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही, मग तक्रार कशाची करायची? माधवीताई म्हणाल्या, "मावशी, त्यांनी काही केलं नाही, हीच तक्रार आहे."

अर्ज राज्य मानवी हक्क आयोगाकडे गेला. तारखा पडत गेल्या. भामाबाई पुन्हा दुकानात जाऊ लागल्या. एका डोळ्यानं खडा दिसायचा, पण बोट त्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे पडायचं. निम्मंच काम व्हायचं. राजमहंमद यांनी त्यांची जागा दारातल्या उजेडात हलवली आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

सुनावणीत पोलिसांच्या वतीनं दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. एक, शस्त्रक्रियेबद्दल ठाण्यात कुणालाच माहिती नव्हती. दोन, बाईंनी कोर्टात स्वतःच तक्रार नाही म्हणून सांगितलं. पहिल्या मुद्द्यावर माधवीताईंनी झडतीची यादी आणि पोचपावती पुढं ठेवली. औषधाची बाटली आत गेली तेव्हा निम्मी होती, बाहेर आली तेव्हाही निम्मीच होती, आणि हे पोलिसांनीच लिहिलं होतं. दुसऱ्या मुद्द्यावर आयोगाच्या सदस्यांनी भामाबाईंनाच विचारलं.

त्या उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी माधवीताईंनी समजावलेलं सगळं त्या विसरल्या होत्या. म्हणाल्या, "न्हाई म्हनलं की घरी जायला मिळंल, असं गाडीत सांगितलं हुतं. म्या घरी जायला न्हाई म्हनले, सायेब."

आयोगानं आपल्या तपास पथकाकडून ठाण्यातल्या सगळ्यांचे जबाब घेतले. कुणालाच काही आठवत नव्हतं. अंमलदारानं तर यादी आपण पाहिलीच नाही असं सांगितलं. एकट्या प्रतीक्षानं लिहून दिलं की बाईंनी मला औषधाचं सांगितलं होतं, मी ते वर सांगितलं, नकार मिळाल्यावर पाकिटात घातलं, आणि ड्यूटी संपल्यावर घरी गेले. पुन्हा विचारलं नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात निकाल लागला. सरकारनं भामाबाईंना तीन लाख रुपये द्यावेत आणि नंतर ती रक्कम दोषी कर्मचाऱ्यांच्या पगारातून वसूल करावी. पैसे पुढच्या वर्षी बँकेत आले. त्या दिवशी गल्लीतल्या बायांनी पेढे मागितले. भामाबाईंनी आणले नाहीत. डोळ्याचे पेढे वाटत्यात व्हय, एवढंच म्हणाल्या.

पण गोष्ट तिथं संपली नाही. काही आठवड्यांनी माधवीताईंचा फोन आला. खात्याची चौकशी सुरू झाली होती आणि वसुलीचा मोठा भाग प्रतीक्षावर येणार असं दिसत होतं. बाकीच्यांविरुद्ध पुरावा नव्हता. तिच्याविरुद्ध होता, तिच्याच सहीचा.

भामाबाई दोन दिवस दुकानात गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्नेहलला सांगितलं की मला पुण्याला चौकशीत जबाब द्यायचा आहे.

स्नेहल चिडली. "आई, तुमची बाटली तिनंच काढून घेतली होती ना? तिच्यासाठी कशाला जायचं?"

"व्हय, तिनंच घेतली," भामाबाई म्हणाल्या. "आन तिनंच सांगितलं. बाकीच्यांनी काय सांगितलं?"

चौकशी अधिकाऱ्यांसमोर त्या अर्धा तास बोलल्या. त्यांनी प्रतीक्षाला वाचवायला काही जोडलं नाही की काही गाळलं नाही. संध्याकाळभर तिची वाट बघितली, ती आली नाही, हेही सांगितलं. पण टेबलावरच्या साहेबाला शनिवारी दोन वेळा हाक मारली, सोमवारी सुजलेला डोळा दाखवला, त्यानं काय उत्तर दिलं, तेही शब्दाला शब्द सांगितलं. आयोगापुढं हे इतकं सविस्तर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. अधिकाऱ्यांनी विचारलं, त्याला ओळखाल का? त्या म्हणाल्या, "दोन डोळ्यांनी बघितलाय त्याला, सायेब. तवा दोन हुते."

बाहेर व्हरांड्यात प्रतीक्षा बाकावर बसली होती. साध्या कपड्यांत होती, त्यामुळे ती बोलेपर्यंत भामाबाईंनी तिला ओळखलं नाही. ती उठून उभी राहिली. "मावशी, मी त्या दिवशी परत यायला हवं होतं," ती म्हणाली. "घरी पोचल्यावर आठवलं होतं. फोन करावा असंही वाटलं. केला नाही."

भामाबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला माफ केलं असं म्या म्हननार न्हाई. ते मला जमंना. पन तू खरं बोललीस, ते बी म्या इसरनार न्हाई."

प्रतीक्षानं मान हलवली. स्नेहलनं सासूचा हात धरला आणि दोघी जिना उतरल्या.

चौकशीच्या निकालाची प्रत माधवीताईंनी सहा महिन्यांनी पाठवली. अंमलदाराला दोषी धरलं होतं आणि वसुली त्याच्याकडून होणार होती. त्यानं त्याविरुद्ध अपील केलं होतं. प्रतीक्षाची वसुली रद्द झाली, पण एक वेतनवाढ रोखली गेली आणि तिची बदली झाली. स्नेहलनं ओसरीत बसून सगळं वाचून दाखवलं. भामाबाईंनी ते आणखी एकदा वाचायला लावलं.

"कुटं बदली केली, ते लिवलंय का?" त्यांनी विचारलं.

स्नेहलनं कागद उलटून पाहिला. "नाही आई, ते नाही लिहिलेलं."

भामाबाईंनी कागद मागून घेतला, त्याची घडी केली आणि घरात नेऊन ठेवला.