नर्सला दिलेलं पाठ केलेलं उत्तर

शाळेत आम्ही कविता एका सुरात म्हणायचो. तो सूर अजून कानात आहे.

आज कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कानडी नर्सने विचारलं, "अज्जा, झोप लागते? कुठे पडलात-बिडलात?"

त्याच सुरात म्हणालो, "सगळं सरी!" म्हणजे तिच्या कानडीत, सगळं ठीक.

शेजारी माझा मुलगा बसला होता. मी मोरीत घसरलो हे कळलं असतं, तर त्याने मला कायमचं शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या व्हाइटफील्डच्या फ्लॅटवर नेलं असतं. बायको गेली, पण तिचा वावर याच घरात आहे.

नर्स माझ्या बाहीआडच्या सुजलेल्या मनगटाकडे बघत राहिली, मग केसपेपरवरचा माझा पत्ता वाचू लागली.

मित्रहो, मुलांसमोर तुम्ही तरी खरं सांगता का?

एवढं लिहिलं आणि बेल वाजली. दारात तीच नर्स.

"अज्जा, आता मुलगा नाही ना? मग सांगा, कसे पडलात?"