बेटावरची चाकोरी

यावलच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणारे नाना कुणाचंच बोलणं पुरतं ऐकून घेत नसत. मधेच "पुढे" म्हणत. मला त्यांचा रागच यायचा.

उन्हाळ्यात तापीचं पात्र आटलं की दर रविवारी ते नव्यानंच निघालेली जाड टायरची सायकल घेऊन मधल्या बेटावर येत. मीही जायचो. बेट भाकरीसारखं सपाट, मधे बाभळीचं बन, कडेला वाळूचे ढिगारे. नाना काटे अंगावर घेत बनातून सरळ जात आणि वाळूतही वळत नसत.

"जो वळस तो रुतस, भाऊ," म्हणायचे.

एका रविवारी त्यांची चाकोरी वाळूत मोठा वळसा घेऊन गेलेली दिसली. शेजारी पावलांचे खोल ठसे होते. नाना रुतले होते, उतरून सायकल ढकलत गेले होते. वळणाच्या आत उघड्यावर टिटवीची चार अंडी होती.

पुढे गाठून मी विचारलं, "नाना, आज वळलात?"

"तठे वाळू भुसभुशीत शे," म्हणाले आणि निघाले.

पुढं पिलं निघून गेली. नदीला पाणी येईपर्यंत नाना तिथं वळतच राहिले.