पुढच्या टूबीत माझी लेक

ही नदी तशी लय मोटी न्हाई. पाटणच्या अंगाला वर डोंगरात, जंगलात, तीन वगळी, म्हंजे बारकं वढं, हायती, त्या आमच्या गावाच्या वर एका ठिकाणी मिळत्यात आन् तितनं हिला नदी म्हणायचं. मग धोंड्यातनं उड्या मारत खाली येती, मग म्हसडोह, तितं आधी लोकं म्हशी धुवायची, मग तवा म्हणून एक सपाट काताळ हाय तितं आमी बायका धुणं धुतो, मग पाणी एकदम गप व्हतं, आन् त्या गप पाण्याच्या शेवटाला बंधारा. बंधाऱ्याच्या खाली समदा ऊस. पुढं ती कोयनंला मिळती, कोयना कराडात कृष्णंला मिळती, पन तवर हिचं नावबी कुणी घेत न्हाई. सकाळी भाकरी बांधून वरनं चालत निगालं तर दिस मावळायला माणूस हिच्या शेवटाला पोचंल, एवढीच हाय. पन मला तिचं भ्या वाटतं, पयल्या दिवसापासनं वाटतं.

मी माणची. आमच्याकडं नदी म्हंजे वाळू. लगीन होऊन आले तवा आत्या, म्हंजे माझी सासू, मला तव्यावर धुण्याला घिऊन गेल्या, आन् मी पाण्याच्या कडंला बसले ती उठंचना. आत्या समद्या बायकांत म्हणाल्या, "हिच्या मुलखात नदीत शेळ्या चरत्यात, हिला पाण्याचं काय कळायचं." बायका हासल्या. मीबी हासले. पन गुडघ्याला पाणी लागलं की माझ्या छातीत धडधड व्हायची आन् दम लागायचा, अजूनबी लागतो. हितली बारकी पोरं पाठीला रिकामा डबा बांधून पवायला शिकत्यात. पोरी न्हाई शिकत. सुनांना तर कोण शिकवतंय.

तव्यावर बसून बसून मला एक कळाया लागलं. बंधाऱ्याला खांब हायती आन् खांबांच्या मधी लोखंडाच्या फळ्या घालत्यात, त्येला बर्गे म्हणत्यात. बर्गे समदे घातल्यालं असलं की पाणी उभं, साबणाचा फेस आपल्याच पायाशी फिरत बसतो. खालच्या लोकांनी उसाला पाणी पायजे म्हणून एकादा बर्गा काढला की फेस सरळ रेघ धरून तिकडंच जातो. पाणी वरनं तसंच दिसतं, गपच दिसतं, पन खालनं वडतं. म्हणून गावात रीत हाय, बर्गा काढला की त्या खांबाला एक पोतं बांधायचं. पोतं दिसलं की त्या अंगाला जनावर न्हाई न्ह्यायचं, पोर न्हाई जाऊ द्यायचं.

तीनेक वर्षांमागं माझ्या मालकांनी आन् गावातल्या दोगांनी टूबीचा धंदा काढला. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाच्या टूबी, त्यात माणूस बसवायचं, म्हसडोहातनं सोडायचं आन् बंधाऱ्याच्या आधी आडवा दोर बांधलाय त्येला धरून काठाला घ्यायचं. शनवार-रविवार पुण्याची लोकं येत्यात, कराडातली कॉलेजातली येत्यात. मी काठाला पोहे-चा करते. लोकं येत्यात, जाकीट घालत्यात, फोटो काढत्यात, आन् पाण्यापाशी आली की थांबत्यात. खोल हाय का, साप हाय का, बुडलं तर. एकदा अशीच एक गाडीभर माणसं माघारी निगाली व्हती तवा ह्यांनी माझ्या पोरीला उचललं आन् टूबीत ठिवलं. चार वर्षाची व्हती. ती टाळ्या वाजवत गेली. ह्ये म्हणाले, "बगा दादा, एवढीशी पोर जातीया. तुमी तर मिलिटरीवानी दिसताय." समदी हासली आन् समदी बसली.

तवापासनं ती पुढं असती. पयली टूब तिची, मागनं लोकं. तिच्या टूबीला बारका दोर असतो, त्याचं दुसरं टोक ह्यांच्या हातात. मी म्हणलं, आवं नका, ती ल्हान हाय. तर म्हणले, "अगं दोर हाय की. तू आपली पोह्यात मीठ बग, काल दोनदा घातलंस." आत्या म्हणल्या, बापावर गेलीया, तुझ्यावर गेली असती तर रांजणातबी हात घातला नसता. पोरगी तर आयकायचीच न्हाई, शनवारी सकाळी उठायच्या आधी विचारायची, आई, लोकं आली का.

यंदा दिवाळी झाल्यावर फोटो काढणारं एक जोडपं आलं व्हतं. ती बाई म्हणली, मागं ते घाण पोतं येतंय फोटोत. ह्यांनी जाऊन काढलं. मग खालच्या ऊसवाल्यांना सांगितलं, पोतं नका बांधू, बर्गा काढला की मला फोनवर सांगत जावा. आमच्या खोऱ्यात फोनला रेंज कवा असती कवा न्हाई. ह्ये मला ठावं, ह्यांना ठावं, खालच्यांनाबी ठावं. तरी समदी व्हय म्हणली.

मग एका रविवारी धाबारा लोकं व्हती. मी चुलीम्होरं. पोरगी पुढं, लाल जाकीट, ते तिला गळ्यातनं वर येतं. मागं ह्ये, त्यांच्या मागं लोकं वरडत, हासत. गप पाण्यात आल्यावर ह्ये नेहमी शेवटाला तिच्या टूबीचा दोर सोडत्यात, म्हंजे पोरगी एकटी येताना दिसती आन् लोकं टाळ्या वाजवत्यात. त्यांनी सोडला. मी पोह्याची पातेली खाली ठिवली आन् सहज पाण्याकडं बगितलं, तर उंबराची पानं पडल्याली, ती समदी एका रेघंत चालल्याली. तिसऱ्या खांबाकडं. तिथं पोतं न्हाई. मला कळालं, बर्गा काढलाय.

मग मी वरडले. काय वरडले ते ठावं न्हाई. लोकांना वाटलं मीबी हौसंनं वरडतेय, एकानं माझ्याकडं हात हालवला. मोटी माणसं आडव्या दोराला धरून थांबली, दोर त्यांच्या छातीला येतो, पोरगी बारकी, ती दोराच्या खालनं गेली. मी पाण्यात गेले. पवायला येत न्हाई तरी गेले, कमरंपातूर, छातीपातूर, लुगडं वर आलं, तोंडात पाणी गेलं, मागनं कुणीतरी माझा दंड धरला आन् वडलं. मला तिची टूब दिसत व्हती नुसती. ती खांबापाशी गेली, फिरली, आन् दोन खांबांच्या मधी आडवी अडकली. वाट अरुंद, टूब मोटी, म्हणून. दुसरं काय न्हाई. पाणी टूबीला वाकवत व्हतं. ह्ये पवत गेले, खांबाला पाय लावला, तिला जाकिटाला धरून वर उचललं.

ती हासत व्हती. म्हणली, "आई, मी लय जोरात गेले."

एका पोरानं समदं मोबाईलात घेतलं व्हतं. वर लिवलं, पाच वर्षाची वाघीण. दुसऱ्या आठवड्यात दुप्पट लोकं आली.

मधल्या दिवसांत मी ह्यांच्याशी बोलले न्हाई, नुसतं ताट वाढायचं. मग शुक्रवारी बोलले. म्हणलं, आता तिला न्हाई पाठवायची, मी मरंन पन पाठवायची न्हाई. ह्ये वरडले न्हाईत. जेवत जेवतच म्हणले, "माजे हात आजून कापत्यात, बगतीस?" आन् हात पुढं केला, खरंच कापत व्हता. मला वाटलं झालं, सुटलं. तर म्हणले, "पन ती न्हाई बसली तर लोकं विचारत्याल का न्हाई बसली. त्या व्हिडिओतली पोर कुठाय म्हणत्याल. मग काय सांगू, तिची आई भ्याली? एकदा लोकांत भ्या शिरलं की नदीवर कुत्रंबी यायचं न्हाई." मी म्हणलं मग पोतं तरी बांधा. म्हणले, बांधतो. बांधलंबी. आता रंगीत पोतं बांधत्यात, चांगलं दिसतं म्हणून.

मी तिला म्हायेरी ठिवायचं ठरवलं. भावाला फोन केला. तो म्हणला, आक्का, हितं टँकर येतोय, आमीच अंघोळ दोन दिसाआड करतोय, आन् तू पाण्याला भिऊन पोर हिकडं पाठवतीस व्हय. हासला. मी फोन ठिवला.

शनवारी पोरगी जाकीट घालून पुढं पळाली. मी चूल सोडली. ह्यांना म्हणलं, ती जाणार असंल तर मी तिच्या टूबीत बसणार. आत्या म्हणल्या, बया, माणची नदीत निगाली, आता पाऊस पडतोय बग. मी बसले. लुगडं खोचलं, पोरीला मांडीत घेतलं, दोनी हातांनी आवळून धरलं, आन् डोळं मिटलं. ती म्हणत व्हती आई सोड, दुखतंय. मी सोडलं न्हाई. बंधाऱ्यापाशी आले तवा माझी बोटं उघडंनात, ह्यांनी एकेक बोट सोडवलं.

मला वाटलं व्हतं मी तिच्याबर असले की झालं. पवायला मला येत न्हाई, ती पडली तर मी काय करणार, मीबी पडणार, ह्ये मला बसल्यावर कळालं. तरी आता दर शनवार-रविवार बसते. काठावर उभं राहून बगण्यापरीस बरं, एवढंच.

पन एक झालं. आधी बायका बसायच्या न्हाईत, पुण्याच्याबी न्हाईत, काठाला बसून पोरांचं कपडं सांबाळायच्या. आता लुगड्यातली बाई मांडीत पोर घिऊन जाती म्हणल्यावर त्या बसाया लागल्यात. ह्ये लय खूष. म्हणत्यात, तू पोरीपरीस भारी हायीस.

गेल्या रविवारी एक बाई व्हती, माझ्याच वयाची, कडंवर दोनेक वर्षांचा मुलगा. नवरा टूबीत बसला व्हता, चल की म्हणत व्हता. ती हलंना. तिचं व्हट पांढरं पडलं व्हतं, हात पोराच्या पाठीवर, आन् तो हात मी वळखला. ती नवऱ्याला सोडून माझ्यापाशी आली. हळूच म्हणली, "ताई, खरं सांगा. तुम्हाला भीती नाही ना वाटत?"

ह्ये पलीकडं दोर सोडत व्हते. माझ्याकडंच बगत व्हते. मागं आणखी चार बाया उभ्या, आयकत व्हत्या.

मी न्हाई म्हणलं.

मग तिला कसं बसायचं ते दावलं. पोराला मांडीत कसं घ्यायचं, दोनी हातांनी कसं धरायचं.