रंग चढेपर्यंत

"आधी पूस, मग बोल."

समोरच्या काकू हे दिवसातून दहादा म्हणायच्या, बऱ्याचदा स्वतःलाच. भेंडी कापताना गोष्ट कितीही रंगात आलेली असो, त्या थांबायच्या, सुरी पुसायच्या आणि मगच पुढचं सांगायच्या.

आमचं घर कोपरला, एका खोलीचं. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून काकूंनी त्यांच्या स्वयंपाकघरातलं टेबल दिलं. एका टोकाला माझी पुस्तकं, दुसऱ्या टोकाला त्यांच्या डब्यांची भाजी.

सुरी जपानची, हाताने घडवलेली. पातळ चौकोनी पातं, लाकडी मूठ. एमआयडीसीत यंत्र बसवायला आलेल्या एका जपानी इंजिनिअरला काकूंनी वर्षभर डबा दिलेला. जाताना तो सुरी आणि धारेचा दगड देऊन गेला. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. दगड भिजवायचा कसा, पातं किती तिरकं धरायचं, सगळं त्याने हातवाऱ्यांनीच दाखवलं. ओली ठेवायची नाही, नारळाला लावायची नाही, हेही.

"पोरीसारखी जपतेस गं तिला!" शेजारणी चिडवायच्या.

"पोरगी उलट बोलते. ही नाही बोलत."

तुमच्याही शेजारी अशा काकू असतील. त्यांच्यावर जीव असला की त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं. माझं तिथेच चुकलं.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, विळी घासून पूजतात. काकू बाजारात गेलेल्या. त्यांच्या सुरीचं पातं काळंनिळं पडलेलं. वाटलं, बिचाऱ्यांना वेळ मिळत नसेल. देवाची भांडी घासतात तशी मी चिंच लावली, तारेच्या घासणीने खसखसून घासलं. पातं लखलखलं. ओलं हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि खुशीत घरी आले.

दसऱ्याला सकाळी गेले, तर पात्यावर तांबूस डाग. काकूंनी आदल्या दिवशीच सगळं पाहिलं होतं. पण पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत, म्हणून हात लावला नव्हता.

"काकू, मला वाटलं गंज आहे..."

"गंज आज आला. कालचा तो रंग होता गं. कित्येक वर्षांच्या कांद्यांचा. तो होता म्हणून गंज धरत नव्हता."

मी पुस्तकं गोळा करायला लागले. टेबल गेलं, असंच मला वाटलं.

"कुठे निघालीस? बस." त्यांनी दगड भिजवला, माझे हात पात्यावर ठेवले, वर स्वतःचे. डाग हळूहळू निघाले. "आता रंग चढेपर्यंत रोज तूच कापायचंस. चढला की मला परत दे."

मग रोज संध्याकाळी आधी भाजी, नंतर अभ्यास. केळफूल कापलं त्या दिवशी पात्यावर पहिली निळसर झाक आली. "काकू, बघा, बघा!" मी ओरडले.

"आधी पूस, मग बोल."

गेल्या महिन्यात काकू वर्तकनगरला लेकीकडे राहायला गेल्या. गुडघ्यांना आता जिने झेपत नव्हते. सामान बांधत होत्या तेव्हा मी सुरी द्यायला गेले. पातं टोकापासून मुठीपर्यंत काळंनिळं झालेलं. त्यांनी ते खिडकीशी नेलं, दोन्ही बाजूंनी खूप वेळ पाहिलं.

"अजून नाही चढला."

"चढलाय काकू! नीट बघा ना."

"आता तूही उलट बोलायला लागलीस?" त्यांनी सुरी माझ्या हातात ठेवली, वर दगडही. "राहू दे तुझ्याकडे."

समोरच्या दाराला कुलूप आहे. टेबल आमच्या दाराबाहेर गॅलरीत आलंय. संध्याकाळी मी तिथे भाजी कापत असते. आई आतून विचारते, "पेपर कसा गेला गं?"

मी आधी सुरी पुसते.