लाल दोऱ्याचा बिल्ला

आठवीत असताना मी वारंगा फाट्यावर काळीपिवळी जीपची वाट बघत होते. गाईडच्या मेळाव्याला निघाले होते आणि बाहीवरचा कापडी बिल्ला सेफ्टी पिनेवर लोंबत होता. शेजारी तांड्यावरची एक बाई घागऱ्याला आरसे लावत बसली होती. तिनं माझा हात ओढून मांडीवर घेतला.

"अंगावर शिवून राहिले, दातात काडी धर."

लाल दोऱ्यानं गाईडच्या मॅडम रागावतील, हे मला सांगायचं होतं. पण अंगावरचा कपडा शिवताना धरायची ती रिवाजाची काडी तोंडात होती. आरशासारखाच तिनं बिल्ला गच्च टाक्यांनी बसवला.

"आता बाही फाटंल, पन ह्यो न्हाई निघायचा."

मॅडम रागावल्याच. पुढं गणवेश धाकटीला गेला. बिल्ल्याची परीक्षा तिनं कधीच दिली नाही. मिरवला मात्र माझ्यापेक्षा जास्त.